अप्पासाहेबांचा चार दिवसांचा मार्शल लॉ

वाचनालयात पंचवीस वर्षं नोकरी केली की पुस्तकं किती वाचून होतात कोण जाणे, किस्से मात्र ढीगभर साठतात. पुस्तक पंधरा दिवसांनी परत करावं लागतं ना! किस्सा कुणी परत मागायला येत नाही.

आम्ही चार मैत्रिणी जमलो की चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "कुंदा, तो मार्शल लॉ सांग ना!" मी सांगते. पण तो एकटा सांगून उपयोग नसतो, त्याच्या आधीचेही दोन-चार सांगावे लागतात. तेव्हा जरा धीर धरा.

*

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला आमचं वाचनालय होतं. एक दालन, एक ऑफिसची खोली, पुढे ओटा, आणि भोवती पुरुषभर उंचीची भिंत. मी नुकती मॅट्रिक होऊन तिथे लागलेले. ग्रंथपाल मी, कारकून मी, आणि संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचून दाखवणारीही मीच! ऐकायला खाडीवरची कोळी मंडळी यायची, मिठागरावरची माणसं यायची. त्यातल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण एक दिवस चुकवतील तर शपथ.

देशाला घटना मिळाली तशी आमच्या मंडळींना हुक्की आली की आपल्यालाही पाहिजे! चिटणीस नेने वकील आठ दिवस घरात कोंडून घेऊन बसले आणि एक्केचाळीस कलमांची घटना घेऊन बाहेर आले. त्यातलं चौथं कलम असं: "जो वाचतो अथवा ऐकतो, तो सभासद."

सभेत एक गृहस्थ ताडकन उठले. "ज्याला वाचता येत नाही तो वाचनालयाचा सभासद? जगात कुठे ऐकलंय?"

आमचे अध्यक्ष अप्पासाहेब गुप्ते. त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की दौत कलंडली. "तो देशाचं सरकार निवडणार, आणि आमच्या ओट्यावर मात्र पाहुणा? बसा खाली!"

कलम पास झालं. टेबलावरचा शाईचा डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

एकतिसावं कलम कुणी नीट ऐकलंच नाही. संकटकाळी अध्यक्ष आणीबाणी पुकारू शकतील, समिती बरखास्त करू शकतील, असं काहीतरी होतं. मी विचारलं, "वकीलसाहेब, वाचनालयाला कसली आणीबाणी?"

नेने दुखावले. "देशाच्या घटनेत आहे, मग आपली काय कमी आहे?"

आम्ही टाळ्या वाजवून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला!

*

आता अप्पासाहेब. लढाईच्या दिवसांत ते ए.आर.पी.चे वॉर्डन होते. म्हणजे शत्रूची विमानं आली तर उजेड दिसू नये म्हणून गल्लोगल्ली फिरून लोकांना दिवे विझवायला लावायचे. पत्र्याचं हेल्मेट आणि गळ्यात शिट्टी. लढाई संपली, इंग्रज गेले, पण ते हेल्मेट आमच्या ऑफिसातल्या खुंटीवर कायम! ठाण्यावर एकही बॉम्ब पडला नाही, याचं श्रेय ते सरळ स्वतःकडे घेत.

नेने सांगायचे, एकदा समोरच्या माडीवर उजेड दिसला म्हणून अप्पासाहेबांनी दहा मिनिटं शिट्टी फुंकली. अख्खी आळी बाहेर आली. पाहतात तो काय, माडीमागून चंद्र वर येत होता!

"मग काय केलंत हो?" मी अप्पासाहेबांना विचारलं.

"काय करणार? नियम सगळ्यांना सारखा. ढग येईपर्यंत शिट्टी वाजवली."

असा माणूस. नियमावर जीव, आणि नियमाहून जास्त स्वतःच्या रुबाबावर. कोटाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीत टेकून बसायचे नाहीत.

*

ओट्यावरच्या मंडळींत एक हिराबाय होती. कोळीवाड्यातली, पन्नाशीची. मासळीची पाटी रिकामी करून बरोबर पाच वाजता यायची आणि खांबाला टेकून बसायची. तिचा एकुलता एक मुलगा पांडू परदेशी बोटीवर खलाशी होता. इंग्रजी पेपरात जहाजांचं सदर यायचं, कुठली बोट कुठल्या बंदराला लागली, कुठून निघाली. तो पेपर आमच्या बाजूला फक्त वाचनालयात येई. सगळ्या बातम्या झाल्या की मी ते सदर मराठीत सांगायची. पांडूच्या बोटीचं नाव आलं की हिराबाय पाटी उचलायची, "आज निजन मी," म्हणायची आणि चालू लागायची.

तिची आठवण मात्र भयंकर! एकदा ऐकलं की संपलं. नेन्यांचा विश्वास बसेना. त्यांनी सोमवारी मुद्दाम मला अर्थमंत्र्यांचं अर्धा स्तंभ भाषण वाचायला लावलं आणि शुक्रवारी हिराबायला विचारलं, "काय गं, काय म्हणाले मंत्री?"

हिराबायने पान चघळत सगळं म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द, आमच्या पुस्तकी मराठीत! मध्ये मी एके ठिकाणी खोकले होते, तिथे ती थांबली आणि म्हणाली, "हितं बाय खोकली."

नेने बघतच राहिले. "बाई, तू कोर्टात असतीस तर माझी सनद केव्हाच गेली असती!"

हीच हिराबाय अप्पासाहेबांच्या घरी मासळी द्यायची. मासळीच्या बाबतीत अप्पासाहेबांना फसवणारा ठाण्यात जन्मला नव्हता. दारातूनच ओरडायचे, "हिरा, ते डावीकडचं पापलेट परवाचं आहे, उचल!" पण त्या वर्षी हिराबाय मला एकदा हळूच म्हणाली, "बाय, सायेबाला काय झालंय गो? नजर नाय टाकत पाटीत. नाकाला लावतंय न् घेतंय. नायतर बोलतंय, हिरा, तूच बघून दे!"

मी हसले. म्हटलं, वय झालं की माणूस आळशी होतो.

*

तेव्हा मला हसायला फार यायचं. अप्पासाहेब रोज संध्याकाळी ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून इंग्रजी पेपर उघडून बसत. मी ओट्यावर वाचत असे, ते तिकडे. तासाभरात त्यांचं पान उलटायचं नाही. मी नेन्यांना म्हणायची, "साहेब पेपर वाचतात की पाठ करतात?"

एके दिवशी मी वाचलं की शेजारच्या देशात एका शहरात मार्शल लॉ पुकारलाय. पेपरमागून आवाज आला, "कुंदा, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे कुणी जमायचं नाही, सभा घ्यायची नाही, भाषण करायचं नाही?"

"हो, साहेब."

"आणि कुणी कुणाला काही करायलाही सांगू शकत नाही?"

हे काही बातमीत नव्हतं. मी म्हटलं, "तसंच असेल."

"हं," पेपरमागून आवाज आला.

त्या "हं"चा अर्थ मला तेव्हा कळला असता तर!

*

आमच्याकडे एक प्रथा होती. पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांनी सर्व सभासदांसमोर उभं राहून घटना मोठ्याने वाचायची. निम्म्या सभासदांना वाचता येत नाही, मग त्यांचे हक्क त्यांना कळणार कसे? म्हणून हा नियम. कुठलाही ठराव असो, अध्यक्षांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय तो लागू होत नसे. ही सूचनाही अप्पासाहेबांचीच! आवाज खणखणीत होता त्यांचा. आधीच्या पाडव्यांना सगळी एक्केचाळीस कलमं एका दमात वाचलेली.

पाडव्याला चार दिवस होते. मी सकाळी आले तर फाटकापाशी फळा लावलेला आणि माणसं गोळा झालेली. फळ्यावर खडूने लिहिलं होतं. पण अक्षरं कसली, एकेक नारळाएवढं! एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली.

नेने वकील येऊन उभे राहिले. आम्ही दोघांनी मिळून ते कसंबसं वाचून काढलं. "कलम एकतीस अन्वये वाचनालयात मार्शल लॉ जारी. समिती बरखास्त. मोठ्याने वाचन बंद. चारहून अधिकांनी जमू नये. पाडव्याचे घटनावाचन रद्द. अध्यक्ष."

पहिलं मतदान होऊन फार दिवस झाले नव्हते, बोटावरच्या शाईचं कौतुक ओसरलं नव्हतं, आणि आमचे अप्पासाहेब, ज्यांनी मूठ आपटून चौथं कलम पास केलं, तेच! नेन्यांनी फाटकाचा गज धरला.

"एकतीस..." ते पुटपुटले. "मीच लिहिलं हो ते. मीच!"

आत ऑफिसात अप्पासाहेब हेल्मेट घालून बसलेले. सगळी वर्तमानपत्रं कपाटात कोंबून कुलूप घातलेलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात. मी म्हटलं, "साहेब, पण संकट कुठलं? पूर नाही, आग नाही..."

"शिस्त बिघडली आहे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून.

बाहेर आल्यावर मी त्या अक्षरांची नक्कल करून दाखवली. "हुकूमशहा झाले तशी अक्षरंही फुगली!" सगळे हसले. मीही हसले. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

*

गंमत म्हणून आम्ही हसलो खरे, पण पाच वाजता हिराबाय आली आणि हसू मावळलं.

त्या आधीचे सहा दिवस पांडूच्या बोटीचं नाव सदरात नव्हतं. अरबी समुद्रात वादळ असल्याची बातमी मीच तिला वाचून दाखवलेली. आणि आता पेपर कपाटात!

"बाय, एवडंच बघून सांग गो. माज्या पोराची बोट लागली का नाय?"

मी आत गेले. म्हटलं, "साहेब, मोठ्याने नाही वाचणार. फक्त एक ओळ बघते."

अप्पासाहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. क्षणभर वाटलं, देतात. मग म्हणाले, "एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. आणि मग पाडवाही करावा लागतो."

हिराबाय दाराशीच उभी होती. ती भांडली नाही, रडली नाही. रिकामी पाटी डोक्यावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तीन दिस झालं, डोळ्याला डोळा नाय." मला अप्पासाहेबांचा इतका संताप आला की त्यांच्या हेल्मेटमध्ये शाई ओतावी!

*

पाडव्याच्या सकाळी नेने वकील धावत माझ्या घरी आले. धोतराचा सोगा हातात, डोळे लाल.

"कुंदा, बत्तीस! अगं, एकतीसच्या पुढे बत्तीस आहे! मी स्वतः लिहिलेलं मीच विसरलो! एकवीस सभासदांनी दालनात बसून ठराव केला की आणीबाणी संपली!"

"पण काल रात्रीपासून फाटकाला कुलूप आहे."

"दालनाची किल्ली?"

"ती माझ्याकडे."

"मग भिंत आहे ना!" वकील म्हणाले. वय पंचावन्न, पोट हे एवढं!

दुपारी चार वाजता, चैत्राच्या लख्ख उन्हात आम्ही भिंतीशी जमलो. फाटकात खुर्ची टाकून अप्पासाहेब बसलेले, हेल्मेट, शिट्टी, सगळं. आमच्यापासून फार तर वीस पावलांवर! मला वाटलं, आता पोलिसच बोलावतात. पण हिराबायने लुगड्याचा काष्टा आवळला, पाटी भिंतीवरून आत टाकली आणि होडीत चढावी तशी पलीकडे उतरली. तिच्यामागून कोळी, मिठागरवाले, दोन मास्तर, मी. वीसजण आत पोचलो.

एकविसावे नेने. ते भिंतीच्या माथ्यावर आडवे अडकले. ना इकडे, ना तिकडे. मिठागरावरचा गोमा पाटील खालून म्हणाला, "वकीलसायेब, श्वास सोडा!"

"सोडला तर पडेन!"

"पडा ना मंग! मी हाय!"

वकील पडले. गोमाने झेलले. धोतराचा अर्धा भाग भिंतीवरच राहिला.

त्या आवाजाने अप्पासाहेब ताडकन उठले. कर्कश्श शिट्टी फुंकली आणि गरजले, "कोण आहे भिंतीवर? खाली उतर! तुलाच सांगतोय!"

आम्ही थिजलो. पण अप्पासाहेबांचं बोट आमच्याकडे नव्हतंच. ते समोरच्या भिंतीकडे बोट रोखून ओरडत होते. त्या भिंतीवर शेजाऱ्यांची गोधडी वाळत होती.

नेने कुजबुजले, "पाहिलंत? मुद्दाम तिकडे बघतायत! माणूस आतून आपल्याच बाजूचा आहे!"

मलाही तेच वाटलं. फक्त हिराबायचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती अप्पासाहेबांकडे एकटक बघत राहिली.

*

दालनात आम्ही एकवीसजण भुईवर बसलो. नेन्यांनी ठराव लिहिला आणि प्रथेप्रमाणे एकदा मोठ्याने वाचला. एकवीस हात वर गेले. मग मी अप्पासाहेबांना बोलवायला गेले.

ते आले. डावा हात भिंतीवर ठेवत ठेवत आले. दालनात एकवीस माणसं बसलेली, पण ते कुणाकडेच बघेनात. नेने उभे राहिले, एका हाताने उरलेलं धोतर सावरत.

"अध्यक्षमहाराज, ठराव एकमताने मंजूर झाला आहे. नियमाप्रमाणे तो आपण वाचून दाखवावा. आपण वाचल्याशिवाय तो लागू होत नाही."

कागद त्यांच्या हातात दिला. अप्पासाहेबांनी तो दूर धरला. मग जवळ आणला. मग अगदी नाकाशी. कुणीतरी मागून पुटपुटलं, "नाही वाचणार. मेले तरी नाही वाचणार." गोमा पाटील अर्धवट उठला. मीही संतापाने काहीतरी बोलणार होते.

तेवढ्यात अप्पासाहेबांनी हेल्मेट काढलं. कपाळावर घाम साचलेला.

"कुंदा," ते हळू आवाजात म्हणाले, "आज उजेड कमी आहे का गं?"

चारी खिडक्या उघड्या होत्या. ऊन त्यांच्या कोटावर, कागदावर, थेट तोंडावर पडलेलं होतं. नेने खाली बसले.

हिराबाय उठली. पदर खोचून ती अप्पासाहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कागदाला हात लावला नाही. समोर आमच्याकडे बघत, ओठ जेमतेम हलवत ती म्हणाली, "आम्ही सभासद, वाचणारे व ऐकणारे..."

अप्पासाहेबांनी मान वर केली.

"आम्ही सभासद," ते म्हणाले, "वाचणारे व ऐकणारे..."

"या दालनात एकत्र बसून..."

"या दालनात एकत्र बसून..."

आवाज पहिल्या ओळीला फुटला, दुसऱ्या ओळीला सावरला, आणि तिसऱ्या ओळीला आमचा जुना खणखणीत आवाज परत आला. कागद त्यांनी शेवटपर्यंत समोर धरलेला होता. "...ही आणीबाणी या क्षणापासून उठवीत आहोत." हिराबाय तिथे थांबली, म्हणून तेही थांबले.

टाळी कुणी वाजवली नाही.

अप्पासाहेबांनी कागदाची नीट घडी घातली. कोटाच्या आतल्या खिशातून कपाटाची किल्ली काढून पुढे केली. माझा हात जरा डावीकडे होता, तो मी त्यांच्या हाताखाली नेला. मी कपाट उघडलं, चार दिवसांचे पेपर बाहेर काढले आणि ओट्यावर येऊन सगळ्यांत वरचा उलगडला. प्रथेप्रमाणे पहिल्या पानापासून सुरुवात करणार, तोच त्यांनी थांबवलं. ते खुर्चीकडे गेले नव्हते. खांब चाचपत ते ओट्यावर आले होते आणि कोटाची इस्त्री मोडत हिराबायच्या शेजारी खाली बसले होते.

"बातम्या राहू देत," ते म्हणाले. "हिराच्या मुलाची बोट आधी बघ."

मी सदर काढलं. बोट दोन दिवसांपूर्वीच एडनला लागली होती.

"मोठ्याने वाच," अप्पासाहेब म्हणाले.